काय मागतंय ते बघू

कॉम्प्युटर बिघडला की बाई आधी दोन्ही हात पाठीमागे धरायच्या. पडद्यावर इंग्रजी ओळी भराभर यायच्या, मागून पोरं म्हणायची, "बाई, बटण दाबा की." बाई म्हणायच्या, "थांबा. आधी ते काय मागतंय ते बघू." हात चुकून बटणाकडे जाऊ नयेत म्हणून मागे.

बारामतीच्या एका कॉलेजात मी शिपाई होतो. नव्वदचं दशक सरत आलं होतं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यातलंही निम्मं मेंढरांमागं गेलं. बाई तिथं कॉम्प्युटर शिकवायच्या, त्या खोलीची किल्ली माझ्याकडे असायची, म्हणून बाईंचा माझा रोजचा संबंध. त्या भिगवणहून एस्टीनं यायच्या. माहेर पळसदेवचं, धरणात गेलेलं. धरणाचं पाणी उतरलं की जुनं देऊळ दिसतं, त्याच्या अलीकडे आमची चूल होती, असं एकदा म्हणाल्या आणि लगेच कामाला लागल्या. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. दिसायला काही विशेष नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण थांबून बघितली नसतील.

एक पोरगी तासाला रोज झोपायची. दुसऱ्या मास्तरांनी तिला बाहेर काढलं. बाईंनी विचारलं, तर ती पहाटे चारला उठून धारा काढून यायची. बाईंनी तिचं प्रॅक्टिकल दुपारी लावलं. पोरगी जागी राहिली. माणूस असो की मशीन, बाईंची रीत एकच.

आता ती गोष्ट सांगतो.

बाकीची सगळी मशीनं ज्याच्यावर चालायची ते एक मोठं मशीन होतं. त्यात लिनक्स घातलेलं, म्हणजे मशीन ज्याच्या जोरावर चालतं ते, आणि पोरांचं वर्षाचं काम त्यातच. एकानं गावातल्या पाण्याच्या पाळ्यांची यादी केलेली, कोणी काय, कोणी काय. गुरुवारी पुण्याहून परीक्षक येणार होते. आदल्या शनिवारी विभागाच्या मोठ्या सरांनी मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून नवं लिनक्स चढवायला घेतलं. निम्म्यात लाइट गेली. लाइट आल्यावर सरांनी ते जबरदस्तीनं पुढं रेटलं. मशीन निम्मं जुनं, निम्मं नवं होऊन बसलं. सुरू व्हायचं, पण काही उघडू द्यायचं नाही.

सोमवारी सर म्हणाले, "सगळं पुसून नव्यानं टाका. दोन तासांचं काम."

"आणि पोरांचं?"

"पोरं परत करतील."

"वर्षाचं काम, तीन दिवसांत?"

"मग तुमची जबाबदारी, बाई."

"माझीच," बाई म्हणाल्या, आणि हात पाठीमागे धरून पडद्यासमोर उभ्या राहिल्या.

मला त्यांनी समजावलं ते असं. लिनक्सचे शेकडो तुकडे असतात. एक बसवायचा तर त्याला आधी दुसरा लागतो, दुसऱ्याला तिसरा. मधेच रेटल्यानं कोणाला कोण लागतं याचा मेळ गेला होता. बाईंनी जुन्या उत्तरपत्रिकांच्या चिठ्ठ्या केल्या. एका तुकड्याची एक चिठ्ठी. मी फरशीवर मांडायचो, पंख्यानं उडू नयेत म्हणून वर खडूचा तुकडा. मला इंग्रजी येत नाही, पण शंभर मेंढरांत आपलं ओळखणाऱ्याला अक्षरांच्या खुणा ओळखायला काय लागतं.

मंगळवारी दोन चिठ्ठ्या अडून बसल्या. ही म्हणे आधी ती, ती म्हणे आधी ही.

"आता ओ बाई?"

"दोघांना एकदमच आत घ्यायचं, तात्या. एकेकटं कोणीच जाणार नाही." आणि गेले की दोघं.

पण सगळ्यांच्या मुळाशी एक तुकडा होता, तो सापडेना. बाई म्हणाल्या, "मासिकात दोन सीड्या होत्या. दुसरीवर असणार. कुठं गेली?"

मी खडू गोळा करत राहिलो. दुसरी सीडी सरांनी यात काही नाही म्हणून रद्दीत टाकली होती. ती मी घरी नेली होती, पणदऱ्याला. चकाकती चीज, बायकोला दिली. ती तिच्यात बघून कुंकू लावायची.

शेवटी बोललोच. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "कितीची एस्टी हाय?"

ती रात्र कॉलेजातच काढली, बुधवारी सकाळी घरी गेलो. बायको म्हणाली, "दिलेलं परत न्यायला आलाय व्हय? कसला तुमचा जीव."

"पोरांचं काम अडलंय."

"मग आधी बोलायचं की. आन् तसं बी न्हाय दिसत तिच्यात नीट. मधल्या भोकातनं भिंतच दिसती."

तिनं पदरानं पुसून दिली. दुधाच्या टेम्पोत बसून मी परत आलो. सीडीवर कुंकवाचं बोट राहिलंच होतं. मशीन घुरघुरलं आणि थांबलं. बाईंनी ओल्या रुमालानं मधून कडेला अशी हळूहळू पुसली. तिसऱ्या वेळी वाचली. मग चिठ्ठ्यांच्या रांगेनं एकेक तुकडा आत गेला. चार वाजता बाईंनी पोरांची नावं पडद्यावर काढली आणि मोठ्यानं वाचली. त्रेचाळीस. एकही कमी नाही. सर दारात उभे होते. "झालं का?" एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी बाई आमच्या घरी आल्या, बायकोसाठी लाकडी चौकटीचा आरसा घेऊन. दोघी दोन तास बोलत बसल्या आणि मला घडीघडी बाहेर पिटाळलं. माझ्यावर हसत होत्या एवढं कळलं. बायको यंदा माघात गेली. आरसा भिंतीवर आहे, मी त्याच्यापुढं उभा राहत नाही. ती गेली हे बाईंना कळवायचं राहिलं. पत्ता नाही.

कारण त्याच वर्षी जूनमध्ये बाईंना परत घेतलं नाही. नेमणूक वर्षाची होती, संपली. जाताना त्यांनी मला एक वही दिली. मशीनमध्ये काय कशावर उभं आहे, पोरांचं काम कुठं ठेवलंय, काही हलवायचं तर आधी काय करायचं, सगळं मराठीत लिहिलेलं. "नवीन येतील त्यांना द्या, तात्या."

नवीन सर आले ते पुण्याचे, हुशार, घाईचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "हे सगळं उडवून नवीन टाकू."

मी वही पुढं केली.

"ठेवा टेबलावर. नंतर बघतो."

"न्हाय. आधी वाचा."

"तात्या, चहा सांगितलाय ना मी?"

"सांगितलाय. वाचा, मग आणतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काही हललो नाही. नोकरीची दोनच वर्षं उरली होती, कशाला भ्यायचं. शेवटी त्यांनी खुर्ची ओढली आणि वही उघडली. पहिलं पान उलटलं. दुसऱ्या पानावर बोट ठेवून थांबले, परत मागचं पान काढलं.

तेव्हा मी चहाला गेलो.