कॉम्प्युटर तापायचा ते दिवस

आमच्या मुलीने कॉम्प्युटर तयार आणला नाही, घरी जोडला. एकेक भाग वेगळ्या खोक्यातून यायचा. तिने सगळं जेवायच्या टेबलावर मांडलं आणि आम्ही खाली बसून जेवायला लागलो. तिचे बाबा वाशीच्या मार्केटात एका गाळ्यावर हिशेब बघतात. ते म्हणाले, "तयार मिळतो तो काय वाईट असतो? मोटार घ्यायची म्हटलं तर तीपण सुटे पार्ट आणून जोडशील." ती हसली, पण स्क्रू पिळायचं थांबली नाही.

ती लग्नाच्या शूटिंगचे व्हिडिओ कापून जोडून त्यांचा सिनेमा करायला शिकली होती. हैदराबादच्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती आणि सोमवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. तिला जायचं नव्हतं. वाशीचा एक स्टुडिओवाला म्हणाला होता, एक लग्न वेळेवर करून दाखव, मग सीझनभर काम देतो. म्हणजे कॉम्प्युटर नीट चालला तर ती घरी राहणार, नाही चालला तर हैदराबाद. मला ती जायला नको होती. हे मी कोणाला बोलले नाही. माझ्याच्याने असं बोलणं होत नाही.

कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा तिने मला मिठी मारली. किती वर्षांनी मारली असेल. मग तिने लग्नाचं काम उघडलं. दिवाळे गावातली हळद होती. बेंजो वाजतोय, नवरीचे काका डोक्यावर पाण्याची बाटली ठेवून नाचतायत. काकांनी एक हात वर केला आणि पडदा काळा झाला. परत सुरू केला, परत काकांचा हात वर, परत काळा.

तिने मला समजावून सांगितलं. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, तो काम करताना तापतो. त्याच्यावर धातूचा एक ठोकळा बसवतात, त्याला पंखा असतो. ठोकळा उष्णता ओढून घेतो आणि पंखा ती बाहेर टाकतो. दोघांच्या मध्ये एक पांढरी पेस्ट लावतात, म्हणजे मध्ये हवा राहत नाही. एवढं करून फार तापलंच तर तो स्वतःला वाचवायला बंद होतो. मला ते शहाणपणाचं वाटलं.

तिला एकटीला ते तपासणं जमेना. पाठीमागे वाकून वायरींना हात घातला की समोरचा आकडा दिसायचा नाही. मग तिने मला स्टूलवर बसवलं. पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसर किती तापलाय तो आकडा यायचा, तो मी मोठ्याने वाचायचा.

मी वाचला, "एकोणऐंशी."

टेबलामागून आवाज आला, "म्हणजे किती? सेव्हन्टी नाइन की एट्टी नाइन?"

ती इंग्रजी शाळेत शिकलेली, मी गावात चौथीपर्यंत. मला इंग्रजी आकडे विसाच्या पुढे पटकन येत नाहीत आणि तिला मराठी पन्नासच्या पुढे येत नाहीत. शेवटी मी "सात नऊ" असं सांगायला लागले. तरी मध्येच माझ्या तोंडून "त्र्याऐंशी" निघायचं आणि ती म्हणायची, "आई, तू शिव्या देतेयस असं वाटतं." दोन दिवसांत तिला नव्वदपर्यंत समजायला लागलं.

काय काय केलं. बाजूचं झाकण उघडं ठेवलं. आतले पंखे उलटे बसलेत का ते बघायला तिने माझ्याकडून उदबत्ती लावून घेतली आणि धूर कुठे जातो ते बघितलं. पंखे बरोबर होते. बाल्कनीच्या दारातून ऊन येतं म्हणून टेबल आत सरकवलं. बाबांचा टेबलफॅन लावला. मग दोघींनी तो सगळा संसार उचलून बेडरूममध्ये नेला, कारण घरात एसी तिथेच आहे. बाबा कामावरून आले, दारात उभे राहून बघत राहिले आणि म्हणाले, "जावई आलाय का? आम्हाला उन्हाळ्यातसुद्धा रात्रीपुरता एसी आणि ह्याला भरदुपारी." एसीत आकडा जरा उतरला, पण काम सुरू केलं की काकांचा हात वर जाईपर्यंत लाल व्हायचाच.

मोबाइलवर लोक तिला सांगत होते, ठोकळा काढून परत बसव. ती म्हणायची, पेस्ट मी नीट लावलीय, मला आठवतंय. शिवाय तो बसवताना एवढा जोर लागला होता की परत काढायची तिला भीती वाटायची. ओढताना खालचा प्रोसेसर उखडून आला तर सगळंच गेलं. म्हणून ती त्याच्या आजूबाजूचं सगळं तपासत राहिली, त्याला सोडून.

पण ते दिवस मला फार आवडले हेही खरं आहे. कॉम्प्युटर गार व्हायची वाट बघत आम्ही बसायचो आणि तेवढ्यात ती बोलायची. कॉलेजात एक मैत्रीण तुटली ते सांगितलं. चार लोकांत बोलायचं म्हटलं की तोंड उघडत नाही, "मी तुझ्यावरच गेलेय," असं म्हणाली. मला वाटायचं, हिला माझी लाज वाटते म्हणून ही खोलीचं दार लावून बसते. तसं नव्हतं. मी आकडा वाचायची, ती पुढचं सांगायची.

लग्नाचा सिनेमा वेळेवर झाला नाही. स्टुडिओवाला फोनवर रागावला नाही, "ताई, पुढच्या सीझनला बघू" म्हणाला आणि काम दुसऱ्याला दिलं. सोमवारी तिने हैदराबादला होकार कळवला. बाबांनी पेढे आणले. ती चांगलं हसली, मीपण.

निघायच्या आदल्या दुपारी तिने कॉम्प्युटर उघडला. ऐरोलीचा एक जण प्रोसेसर विकत घेणार होता, त्यासाठी ठोकळा काढणं भाग होतं. आता बिघडलं तरी काय, म्हणून तिने हळूहळू पिळून तो काढला. मी शेजारी तिचे कपडे घडी करत होते. ठोकळा निघाल्याचा आवाज आला म्हणून मी वर बघितलं.

ठोकळ्याच्या तळाला एक पातळ, पारदर्शक प्लास्टिक चिकटलेलं होतं. कंपनीने ओरखडा पडू नये म्हणून लावलेलं. बसवायच्या आधी ते काढायचं असतं. त्यावर बारीक अक्षरांत तसं लिहिलंही होतं. तिने नखाने कोपरा धरून ते सोलून काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"आई, बघ. आपल्याच घरातलं."

आमच्या घरात कुठल्याच नव्या वस्तूचं प्लास्टिक काढत नाहीत. रिमोट प्लास्टिकमध्ये, फ्रिजच्या हँडलवर प्लास्टिक, खुर्च्यांच्या बैठकीवर सुद्धा. तिचे बाबा म्हणतात, नवं ते नवं राहू दे, आणि मलाही तसंच बरं वाटतं. लहानपणी ती मिक्सरवरचं सोलायला लागली की आम्ही दोघं ओरडायचो. धातूवर प्लास्टिक असणं तिच्या डोळ्यांना खटकलं नाही, यात तिची काय चूक.

तिने उरलेली पेस्ट लावून ठोकळा परत बसवला. सुरू केला. आकडा एक्केचाळीस होता. मग तिने ती हळद लावली. काकांचा हात वर गेला, खाली आला, बाटली डोक्यावरून पडली, बायका हसल्या, सगळं शेवटपर्यंत चाललं. आकडा साठच्या वर गेला नाही.

ती जमिनीवर बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, त्यांना सांगू का, नाही येत म्हणून? अजून सांगता येईल."

मला काय सांगायचं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. राहा, एवढंच. पण घरात काही ठरवायचं असलं की माझ्या तोंडात जे येतं तेच आलं.

"बाबांना विचार."

तिने मान हलवली. ऐरोलीवाल्याला फोन करून विकायचा नाही म्हणून कळवलं आणि झाकणाचे स्क्रू लावले. बाबा संध्याकाळी आले, तिने त्यांना प्लास्टिकची गोष्ट सांगितली, तीही हसत. विचारलं मात्र काहीच नाही. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

सकाळी ती गेली. तिथे बरी आहे, जेवण तिखट असतं म्हणते. फोन रविवारी येतो आणि लवकर संपतो.

परवा जेवताना मी ह्यांना त्या दुपारचं सांगितलं. त्यांनी घास ताटात ठेवला.

"मला कुठे विचारलं तिने? विचारलं असतं तर राहा म्हणालो असतो."

मी त्यांना आमटी वाढली. ते म्हणाले, आता फोनवर काही बोलू नकोस, तिचं मन लागू दे तिथे. मी बरं म्हणाले.