दहा वेळा लिहून आणा

छाया वर्गात शिरताना चपला दाराबाहेर काढायची. चाळीस मुलींचा वर्ग. एकोणचाळीस जणी पायांत काही ना काही घालून बाकांवर बसलेल्या आणि ही एकटी अनवाणी, शेवटच्या बाकाच्या कडेला, कधीही उठावं लागेल अशा बेताने टेकलेली. पहिल्याच दिवशी मी म्हणाले, "अहो छायाबाई, हे देऊळ नाही आणि मी देवी नाही. चपला घालून बसा." ती उभी राहिली. "सवय हाय बाई. आमाला आत चपला चालत नव्हत्या." मुली हसल्या. मीही हसले. गणवेशाचे बूट मिळेपर्यंत तीन आठवडे ती तशीच येत राहिली.

मी नर्सिंगच्या शाळेत सत्तावीस वर्षं शिकवलं. वाढले नारायण पेठेत, त्यामुळे चार शब्दांत समोरच्याचा पाणउतारा करायची विद्या घरबसल्या मिळाली होती, आणि त्यालाच मी शिस्त म्हणत असे. निवृत्तीच्या समारंभात माझ्या विद्यार्थिनींनी माझे टोमणे आठवून आठवून सांगितले, लोक पोट धरून हसले. छायाला मारलेला टोमणा कुणी सांगितला नाही. तो ऐकलेल्या सात जणी तिथेच बसल्या होत्या.

छाया विश्रांतवाडीच्या पुढच्या, आता शहरात आलेल्या एका गावातली. आमच्याच रुग्णालयात बारा वर्षं मावशी होती. दवाखान्यात मावशी म्हणजे बेडपॅन देणारी, रोग्याला पुसणारी, चादरी बदलणारी बाई; तिला नाव असतं, पण ते पगाराच्या दिवशीच लागतं. ड्यूटी करता करता तिने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी केली, तीही दुसऱ्या खेपेला. नर्सिंगच्या प्रवेशाला वयाची अट पस्तीस. मुलाखतीला आली तेव्हा तिला चौतीस पूर्ण झाली होती. म्हणजे हीच संधी, पुढची नाही.

मुलाखतीत मी विचारलं, "या वयात हे कशाला? घरी मुलगी नववीत आहे तुमची." तिने उत्तर पाठ केलं नव्हतं, हे लगेच कळलं. "बाई, बारा वर्सं रोग्यांच्या उशाशी काढली. कुणाचं काय बिनसलंय ते मला कळतं. पण मी सांगितलं की कोण ऐकत नाय. तेच सिस्टरनं सांगितलं की डॉक्टर पळत येतात. मला फकस्त माझं ऐकलं जायला पायजे." शेजारी बसलेल्या प्राचार्यबाईंनी मान डोलावली. मी कागदावर 'भाषा सुधारावी लागेल' असं लिहिलं.

भाषा सुधारली नाही. बाकी सगळ्या मुली मला मॅडम म्हणत, ती बाईच म्हणायची, गावच्या शाळेत म्हणत असेल तसं. इंग्रजी शब्द तिला उच्चारता यायचे, लिहिताना मात्र अक्षरं गळायची. मुलगी रात्री पाठांतर घेते म्हणून सांगायची. "चुकलं की पोरगी डोक्यात टपली मारते, बाई. लई कडक हाय. तुमच्यावानी." वर्गातल्या मुलींनी तिचं नाव मावशीच ठेवलं होतं. एक जण तिच्या तोंडावर म्हणाली, "मॅडम, मावशी इंटेलिजंट आहेत, फक्त डाउनलोडिंग स्लो आहे." छायाला विनोद कळला नाही, पण सगळे हसतायत म्हणून तीही हसली. मी मुलीला रागावले नाही. वाक्य मला आवडलं होतं.

वॉर्डात मात्र ती वेगळीच बाई असायची. सुरकुतलेली चादर तिला दिसली की हात आपोआप जायचा. "सुरकुती चादरीला, जखम पाठीला," असं ती म्हणायची. एकदा एका आजीबाईंनी डॉक्टरांना सांगितलं की रात्री छान झोप लागली. छाया हळूच मला म्हणाली, "पेशंट खोटं बोलंल बाई, चादर नाय बोलायची. बघा ना, एका कडंला सगळी गोळा झालीय. रातभर तळमळल्यात." मी आजींना पुन्हा विचारलं, तर खरंच रात्रभर पोटात दुखत होतं. मुलाला पुन्हा सुट्टी काढावी लागेल म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. रोग्याला कुशीवर वळवताना ती आधी त्याच्या पाठीवर तळहात टेकायची आणि तसाच क्षणभर ठेवायची. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "श्वास कळतो. माणूस आधी श्वासानं सांगतं, मग तोंडानं." हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. मला ते ठाऊक नव्हतं, आणि त्याचा मला राग यायचा, हे आज लिहायला हरकत नाही.

पहिल्या वर्षी एकदा एका रोग्याची सलाईनची बाटली संपत आली होती आणि स्टाफ नर्स दुसऱ्या टोकाला होती. छायाने नळीवरचं चाक फिरवून सलाईन बंद केलं. केलं ते बरोबर होतं. पण विद्यार्थिनीने न विचारता सलाईनला हात लावायचा नाही, असा नियम होता. मी तिला सगळ्या वॉर्डादेखत उभं केलं. "मावशीपण संपलंय तुमचं, सिस्टरपण अजून आलेलं नाही. मधल्या मधे हात चालवायचा नाही. आधी विचारायचं." तिने मान खाली घालून ऐकून घेतलं. "व्हय बाई. विचारल्याबिगर हात नाय लावणार." छाया बोलली की तसंच वागायची. मला हे माहीत होतं.

दुसऱ्या वर्षातली गोष्ट. आमच्या प्राचार्यबाई निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या जागेसाठी माझं नाव पुढे होतं. सकाळी दहा वाजता मी आठ मुलींना घेऊन पुरुषांच्या वॉर्डात शिकवत होते. नऊ नंबरच्या खाटेवर एक आजोबा होते, हर्नियाचं ऑपरेशन झालेले, हृदय मूळचंच नाजूक. त्यांना सलाईन लावलेलं होतं. बाटली लवकर संपली की वडलांना चहा देता येईल म्हणून त्यांच्या मुलाने सकाळी चाक मोकळं सोडलं होतं. हे तो नंतर एका वॉर्डबॉयपाशी बोलला, चौकशीत बोलला नाही.

छाया नऊ नंबरवरून माझ्याकडे आली. "बाई, आजोबांचा श्वास पाण्यातनं आल्यासारखा येतोय. पाठीला हात लावला तर खळखळ लागतीय. सलाईन लई जोरात चाललंय. बारीक करू का?"

मी मुलींना तीन नंबरच्या रोग्याची जखम दाखवत होते. मधे बोललेलं मला खपत नसे. मी विचारलं, "श्वास लागणं याला आपल्या पुस्तकात शब्द काय आहे?"

"डिस्प्निया."

"स्पेलिंग?"

तिने सांगितलं. डीनंतर आय घातला, मधला ओ खाल्ला. मुली खुसखुसल्या.

"छायाबाई, पाण्यातून श्वास, खळखळ, ही नदीची वर्णनं झाली. काउंटरवर जा, पुस्तकात बघून डिस्प्निया दहा वेळा लिहून आणा. तोवर सलाईनला हात लावायचा नाही."

ती गेली. काउंटरपाशी उभ्यानेच लिहायला लागली, नजर नऊ नंबरकडे. पाच वेळा लिहून झाल्यावर तिथूनच म्हणाली, "बाई, एकदा नुसतं बघून तरी या." मी म्हणाले, "पाच राहिलेत." तिने पाच लिहिले. कागद घेऊन आली. वरच्या कोपऱ्यात तिने वेळ टाकली होती, दहा वीस. प्रत्येक नोंदीवर वेळ टाकायची, हे मीच शिकवलेलं. मी कागद वाचला. आठव्या ओळीत ई राहिला होता, तो मी लाल पेनने गोल करून दाखवला आणि कागद तिला परत दिला. तेवढ्यात आजोबांचा मुलगा ओरडत धावत आला.

डॉक्टर आले, विद्यार्थिनींना बाहेर काढलं. मी आत थांबले. सलाईन जोरात गेल्याने फुफ्फुसात पाणी भरलं होतं. आजोबा दुपारी बाराच्या सुमारास गेले.

संध्याकाळी मी छायाला माझ्या खोलीत बोलावलं. "तो कागद कुठे आहे?" तिच्या एप्रनच्या खिशात होता, चार घड्या घातलेला. तिने लगेच काढून दिला. "तुमी सांगाल न्हवं बाई, मी बोलले व्हते म्हणून? नातेवाईक माझं नाव घेत्यात." मी म्हणाले, "बघते." ती निघून गेल्यावर मी कागद उलगडला. दहा वेळा डिस्प्निया, कोपऱ्यात वेळ, आणि आठव्या ओळीत माझ्या हातचा लाल गोल. मी त्याचे तुकडे केले आणि वॉर्डात जाऊन रक्ताळलेल्या बोळ्यांच्या पिवळ्या पिशवीत टाकले. ती पिशवी जाळायला जाते.

तीन दिवसांनी चौकशी झाली. अधीक्षक, मेट्रन, प्राचार्यबाई आणि मी. आजोबांच्या मुलाने सांगितलं की सकाळी ती मावशी म्हणतात ती बाईच सलाईनपाशी घुटमळत होती. सात मुलींना विचारलं, त्या म्हणाल्या, आमचं लक्ष तीन नंबरकडे होतं. त्यांचे अंतर्गत गुण माझ्या हातात होते.

मग छायाला आत घेतलं. ती म्हणाली, "मी बाईंना सांगितलं व्हतं. दहा वाजता."

अधीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "नोट्समध्ये तशी नोंद नाही, सर. लिहिलं नाही ते केलं नाही, हे मी पहिल्या दिवसापासून शिकवते." यातला एकही शब्द खोटा नव्हता.

"लिवलंय की," छाया म्हणाली. "कागद हाय. बाईंनी घेतलाय माझ्याकडनं."

"कसला कागद?" मी विचारलं.

माझा आवाज अगदी रोजचा होता. छाया माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही रडेल, आरडाओरडा करेल, आणि मग सगळं सोपं होईल. अधीक्षकांनी पुन्हा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नसंल. बाई म्हणतात तर नसंल." आणि मग एकाही प्रश्नाला तिने उत्तर दिलं नाही. निष्काळजीपणा, असा शेरा मारून तिचं नाव कमी केलं. रुग्णालयाची बाजू सावरली, नातेवाईक शांत झाले. पुढच्या महिन्यात मी प्राचार्य झाले.

ती दाखला न्यायला आली तेव्हा मी नव्या खोलीत बसले होते. तिने साडी नेसली होती, हातात कापडी पिशवी. शेरा दाखल्यावर येऊ न देण्याएवढा चांगुलपणा मी केला होता. कारणाच्या रकान्यात 'कौटुंबिक अडचण' असं लिहिलं होतं. तिने तो रकाना बोट ठेवून वाचला. मला गप्प बसवेना. म्हणाले, "दुसऱ्या शाळेत प्रयत्न करा. दाखल्यावर काही वाईट नाही."

"छत्तीस झाली बाई मला. कोण घेणार?"

मी म्हणाले, "मग इथेच मावशी म्हणून परत या. मी शब्द टाकते."

तिने दाखल्याची घडी घालून पिशवीत ठेवली. दारापर्यंत गेली, दार उघडलं, आणि वळली.

"एक इचारू का बाई? आजोबा गेले तवा तुमी आत व्हता. मला भाईर काढलं व्हतं. लई तरास झाला का त्यांना?"

दीड तास लागला होता. ते उठून बसायला धडपडत होते. तोंडातून गुलाबी फेस येत होता आणि त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की दोन दिवस वळ राहिला. डॉक्टर सुया टोचत होते आणि ते माझ्याकडे बघत होते.

"नाही," मी म्हणाले. "झोपेत गेल्यासारखे गेले. शांत."

छाया म्हणाली, "तसल्या श्वासाची माणसं मी पुष्कळ बघितल्यात, बाई. झोपेत कोण जात नाय." आवाज चढला नव्हता. "एवढं तरी खरं सांगायचं. यात तुमचं काय जाणार व्हतं?"

ती गेली. त्यानंतर मी तिला कधी पाहिलं नाही. दार उघडंच राहिलं होतं आणि बाहेर पहिल्या वर्षाच्या मुली फॉर्म घेऊन रांगेत उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं की काय, एवढीच मला त्या वेळी काळजी वाटली.