बाथरूमचा ढाळ आणि आमचे हमीदभाई

लोकांच्या बाथरूममध्ये वीस वर्षं काढली की किस्से साठतातच. पाणी साठतं म्हणून तर आम्हाला बोलावतात! मी अलिबागकडचा वॉटरप्रूफिंगवाला. लाद्या बसवतात ते हमीदभाई मिस्त्री, श्रीवर्धनचे.

*

किहीमच्या एका बंगल्याचे मालक मोबाईलवर लेव्हल बघायचे. हमीदभाई म्हणाले, "साहेब, जाळीकडे थोडा ढाळ द्यावा लागतो."

"अजिबात नाही! फ्लोअर एकदम सपाट पाहिजे."

दिलं सपाट. आठवड्याने फोन, "पाणी उभंच राहतंय! जात का नाही?"

हमीदभाई शांतपणे म्हणाले, "जाणार कुठे साहेब? त्याला चारी बाजू सारख्याच!"

*

काशीदला सुमनताईंचा होमस्टे आहे. आधीच्या कारागिराने ढाळ उलटा दिलेला. पाहुण्यांनी शॉवर सोडला की पाणी थेट बेडरूममध्ये! ताई वैतागून म्हणाल्या, "बोर्डावर सी-फेसिंग लिवलंय, व्हय. पर समुद्र पलंगाखाली येल असं न्हाय लिवलं!"

*

अलिबागच्या एका सोसायटीत निवृत्त मास्तरांच्या छताला ओल आली. वरचे शेजारी मानायलाच तयार नाहीत. मास्तरांनी रोज पेन्सिलने ओलीची कड आखून वार लिहून ठेवलेला!

"हे बघा. रविवारी तुम्ही दोनदा आंघोळ केलीत."

शेजाऱ्यांचा आवाज एकदम उतरला. "सर, दुसऱ्यांदा बायकोने करायला लावली हो!"

*

हमीदभाईंची अम्मी बाथरूममध्ये घसरली. खुब्याचं हाड मोडलं, तीन महिने खाटेवर. ती चालू लागल्यावर हमीदभाईंनी जुनी फरशी उखडली, खरखरीत लाद्या आणल्या, मी वॉटरप्रूफिंग केलं. एवढ्या निगुतीने काम करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी टेस्टिंग. जाळी बंद केली, घोटाभर पाणी भरलं. पातळी दिवसभर तशीच राहिली तर काम पास!

दुसऱ्या दिवशी बघतो तर थेंब नाही.

हमीदभाई म्हणाले, "लोकांची कामं केली, आणि आईचंच बाथरूम गळलं?" आम्ही भिंती चाचपल्या, बाहेरून पाया बघितला. सगळं कोरडं ठणठणीत! हमीदभाईंनी छिन्नी उचलली, पहिली लादी फोडणार...

"काय शोधताय रे?" अम्मी दारात उभी. "पाणी ना? तांब्या तांब्याने उपसलं, परसातल्या सुपारीच्या झाडांना घातलं. फुकट सडत होतं."

हमीदभाईंच्या हातातली छिन्नीच गळून पडली. "अम्मी! त्या पाण्यात एकटी उतरलीस? घसरली असतीस तर?"

"घसरले कुठे? लादी बरी बसवलीयेस!"