दुखणे थांबले तेव्हा

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाहून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या थोरल्या भावाच्या पोटात दुखू लागले. लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत आम्ही राहत होतो: भाऊ, वहिनी आणि मी. भाऊ गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होता. मी वर्तमानपत्रात नुकताच लागलो होतो.

मोर्चावर लाठीमार झाला होता. भावाच्या खांद्यावर वळ होता, त्यामुळे पोटदुखीचे कारणही चाळीने तेच ठरवले. पोटावर लाठी बसलीच नाही, असे तो सांगत होता. शेजारचे काका चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. ते म्हणाले, "गर्दीत कुठे काय बसलं ते तेव्हा कळत नाही रे. मुका मार आहे हा."

हॉस्पिटलात न्यायचे नाही, हेही काकांनीच ठरवले. मोर्चातल्या जखमींची नावे तिथून पोलिसांकडे जातात, असे त्या दिवसांत जिन्याजिन्यावर बोलले जाई. ते खरे होते की नाही, याची खात्री मला कधी करता आली नाही. वहिनीने आंबेहळदीचा लेप लावला, तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून शेक दिला. बेंबीभोवतीचे दुखणे दुपारपर्यंत उजवीकडे खाली उतरले. उलट्या झाल्या. भाऊ उजवा पाय पोटाशी घेऊन पडून राहिला. तो सरळ करू देत नव्हता.

दुसऱ्या सकाळी दुखणे एकदम थांबले. भाऊ उठून बसला, त्याने चहा मागितला. पुढच्या मोर्चाला पोटाला पाट बांधून जा, असे काका म्हणाले, तेव्हा वहिनीही हसली.

दुपारी थंडी वाजून ताप भरला. पोट फळीसारखे कडक झाले. मी परळहून डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांनी पोटाची उजवी बाजू खाली सावकाश दाबली आणि हात झटकन उचलला.

"दाबलं तेव्हा जास्त दुखलं, की सोडलं तेव्हा?"

"सोडलं तेव्हा."

मधे दुखणे थांबले होते का, असे त्यांनी विचारले. वहिनीने आनंदाने हो म्हटले. डॉक्टरांनी मला टॅक्सी आणायला पाठवले. काका पोलिसांचे काही सांगू लागले, तर डॉक्टरांनी त्यांना बाजूला व्हायला सांगितले.

हॉस्पिटलात मोर्चाचे कोणी विचारले नाही. संध्याकाळी पोट उघडले. आत सगळीकडे पू होता.

चाळीत अजून लाठीचेच बोलणे चालू होते, म्हणून दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या डॉक्टरांनी फॉर्मॅलिनच्या बरणीतून भावाचे कापून काढलेले अपेंडिक्स चिमट्याने उचलून पांढऱ्या ताटलीत ठेवले. करंगळीएवढे, सुजलेले. टोक काळे पडले होते आणि त्याला भोक होते. त्यांनी ते उभे चिरले. तोंडाशी चिंचोक्यासारखा कडक मळाचा खडा अडकला होता.

लाठीने असे होते का, मी विचारले.

"नाही. खड्याने वाट बंद झाली, आत पू साचला, टोक कुजून फुटलं. फुटलं की ताण जातो. माणसाला बरं वाटतं."

वॉर्डात भावाच्या नाकात नळी होती. पोट फुगले होते. पेनिसिलिन चालू होते. त्याने विचारले, "लाठी होती का रे?"

"नव्हती."

"मी सांगत होतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, भेटीची वेळ सुरू होण्याआधी, तो वारला.