खोबरेलाच्या सहा बाटल्या

इतकी वर्षं लोटली, पण त्या मोटारीची चौकशी काही मनातून जात नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. तरी निवृत्तीनंतर कुणी एखादी हकिगत सांगा म्हटलं की मला हीच सांगावीशी वाटते.

मी तेव्हा अलिबागला फौजदार होतो. मार्गशीर्षातल्या एका सकाळी किहीमचा एक वाडीवाला ठाण्यात आला. त्याच्या शेजारी एक वृद्ध वकील राहत. ते पत्नीला घेऊन स्वतःच्या मोटारीनं दिल्लीला लेकीकडे निघाले होते. बाईंचे गुडघे धरलेले, आगगाडीची चढउतार जमेना. चार वर्षं लेकीचं तोंड पाहिलं नव्हतं. वाटेतल्या नद्यांवर पूल नाहीत, म्हणून पाणी कमी असताना हिवाळ्यातच जाणं भाग होतं.

"फौजदारसाहेब," वाडीवाला म्हणाला, "नवा डायवर सामान काय भरतोय ता बघा तरी. कोयता हाय, पहार हाय, दोर हाय, गोणपाटं हायत. म्हातारा-म्हातारी दिल्लीला पोचतील असा मला वाटत न्हाय."

आता अशी खबर आल्यावर गप्प कसं बसायचं? हवालदाराला घेऊन मी किहीमला गेलो आणि मोटारीतल्या सामानाचा पंचनामा केला. ड्रायव्हर तिशीचा, माणगावकडचा. प्रत्येक वस्तूचं कारण त्यानं धडाधड सांगितलं. गाडी रुतली तर दोर आणि पहार, चाकाखाली फांद्या घालायला कोयता, रात्री इंजिन झाकायला गोणपाट. एका गोऱ्या साहेबाचा दाखलाही होता. या ड्रायव्हरनं आपल्याला दोनदा भर थंडीत दिल्लीला नेऊन आणलं, असं त्यात लिहिलं होतं.

मी माघारी फिरणार, तोच हवालदार सामानातल्या खोबरेलाच्या सहा बाटल्या मोजता मोजता गालात हसला. त्याची उमेदीची वर्षं पंजाबातल्या छावणीत गेली होती. मला बाजूला घेऊन तो म्हणाला, "साहेब, आपल्याकडं तेल सकाळी थिजतं नि उन्हात सुटतं. तिकडं महिना-दोन महिने दगड. रुंद तोंडाच्या डब्यात नेऊन बोटानं खरवडायचं. चिंचोळ्या तोंडाची बाटली माणूस पहिल्याच खेपेला नेतो."

ड्रायव्हरला मोटारीसकट ठाण्यात आणला; वकीलसाहेब नि बाईही त्याच गाडीतून आले. आवाज चढवण्यावर माझा कधीच विश्वास नव्हता.

"मागच्या दोन खेपांना तेल कशातून नेलंस?"

"ह्याच बाटल्यांतून, साहेब."

"आणि वापरायचास कसं?"

"नेहमीसारखंच. हातावर वतायचं नि लावायचं."

हवालदार खो खो हसत सुटला. ड्रायव्हरचा चेहरा पडला. तो खाली बघत बोलला, "पेणच्या पलीकडं माझं चाक गेलं न्हाय, साहेब. माणगाव-पेण उतारूंची सर्व्हिस मोटारच चालवली. दाखला कचेरीबाहेरच्या अर्जनवीसाकडून लिहून घेतला. वकीलसाहेबांना माहीतगारच पायजे व्हता. असा रस्ता मला परत कोण दाखवणार?"

बाकीची तयारी तो दोन महिने पेणच्या अड्ड्यावर येईल त्या ड्रायव्हरला विचारून शिकला होता. तेलाचं विचारायचं राहून गेलं, बिचाऱ्याचं.

खोटा दस्तऐवज म्हणजे सरळ गुन्हा. वकीलसाहेब तर भलतेच संतापले होते. "आत टाका त्याला!" इतक्यात बाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, आपण तरी कुठं पाहिलाय तो रस्ता? हा आत गेला तर दुसरा शोधेपर्यंत पावसाळा येईल. मग मी लेकीला कधी भेटू?"

मी म्हटलं, आधी याचा गाडीवरचा हात बघू. त्याच दुपारी आम्ही सगळे कार्लेखिंडीत गेलो. चढावर त्यानं गाडी न रखडवता नेली, उतारावर बाईंना हिसका बसू दिला नाही. वर पोचल्यावर न सांगता उतरला, चारही चाकांना हात लावून पाहिला, इंजिन निवू दिलं. परतताना बाई चक्क डुलक्या घेत होत्या. वकीलसाहेबांनी तक्रार नसल्याचं लिहून दिलं. दाखला मी त्याच्याच हातानं फाडायला लावला. कायद्यात हे बसलं का? नाही बसलं. पण मला त्या रात्री झोप छान लागली.

फाल्गुनात ते तिघं सुखरूप परतले. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरची स्वारी ठाण्यात हजर! बाकावर बसला आणि म्हणाला, "साहेब, आता इचारा काय इचारायचं ता."

मी विचारत सुटलो. चंबळ नदीच्या वाळूतून गाडी कशी काढली, धुक्यात रस्ता कसा दिसला. लेकीनं आईला मोटारीतून उतरवलं आणि दोघी तिथंच रस्त्यात गळ्यात पडून रडल्या, हे सांगताना त्याचेही डोळे भरले. माझेही भरले, लपवू कशाला?

त्याचं खोटं मला तासाभरात सापडलं होतं. तिथंच थांबलो असतो तर ही माउली किहीमलाच बसून राहिली असती. तेव्हापासून कुणाचाही जबाब संपला की मी एक प्रश्न जास्त विचारायचो: "बाबा रे, तुला येतं काय?"

दोन तासांनी तो जायला उठला. मी स्वतः पुण्यापलीकडे कधी गेलो नव्हतो. त्याचा हात धरून म्हटलं, "बस रे! परतीच्या वाटेवर अजून ग्वाल्हेरपर्यंतच तर आलोय आपण."