लेक अणुभट्टीवर कामाला आहे

लेक अणुवीज केंद्रात इंजिनिअर म्हणून लागली तेव्हा मी गेवराईहून पेढे आणून गावभर वाटले. पेढा तोंडात टाकता टाकता जो तो एकच विचारायचा, तिथं काही धोका तर नाही ना? मी म्हणायचो, विजेच्या कामात धोका कुठं नसतो. माझी सगळी नोकरी उपकेंद्रात ऑपरेटर म्हणून गेलेली. मेंढपाळाच्या घरातून मी पहिला विजेकडे आलो आणि पोरीनंही वीजच धरली, याचं मला कौतुक होतं.

भीती मागून आली. विजेची भीती मला ओळखीची होती. माझ्याबरोबरचा एक लाइनमन खांबावरच गेला. बंद केलेल्या लाइनीत कुणाच्या तरी जनरेटरची वीज उलटी शिरली होती. पण विजेला निदान ठिणगी असते, जळका वास असतो. लेक जिथं काम करत होती तिथल्या गोष्टीला रंग नाही, वास नाही. ती अंगातून गेली तरी माणसाला कळत नाही. छातीवर लावलेला बिल्ला तपासणीला जातो, तेव्हा कुठं आकडा कळतो. हे तिनंच एकदा जेवता जेवता सांगितलं होतं. त्यानंतर फोनवर ती नुसती खोकली तरी माझ्या काळजात धस्स व्हायचं.

रिटायर झाल्यावर मला बातम्यांचा नाद लागला. दूरच्या एका देशात युद्ध पेटलेलं, आणि तिथल्या अणुवीज केंद्राच्या आसपास गोळे पडत होते. ती बातमी लागली की बायको टीव्ही बंद करायची. लेक मात्र फोनवर भरभरून बोलायची. ज्या देशांनी भट्ट्या बंद करून टाकल्या होत्या, त्यातले काही आता त्या पुन्हा चालू करायला निघालेत, म्हणायची. कॉम्प्युटरच्या मोठमोठ्या केंद्रांना दिवसरात्र वीज लागते आणि धूर तर कुणालाच नको, म्हणून सगळे पुन्हा अणूकडे वळलेत. आपल्याकडं खाजगी कंपन्यांना वाट देणारा कायदाही झाला. कारखान्यात तयार करून जागेवर नेऊन बसवायच्या लहान भट्ट्या येणार, असंही ती सांगायची. मी विचारलं, कुठं आल्यात का अजून?

"बोलणं लई आहे अण्णा," ती म्हणाली. "चालू असलेल्या अगदी थोड्या."

तिचा नवराही त्याच केंद्रावर कामाला होता. त्या वर्षी तिला दिवस गेले. बाळंतपणाला ती माहेरी आली, आणि नेमकी त्याच दिवसांत आमच्या माळावर मापं घेणारी माणसं आली.

माझा थोरला भाऊ अजून मेंढरं राखतो. त्यानंच पहिल्यांदा त्यांना पाहिलं. तिपाईवर यंत्र ठेवून ते डोळा लावून बघत होते, जमिनीला भोकं पाडून माती पिशव्यांत भरत होते. हे कशासाठी, असं दादानं विचारलं, तर वरून आदेश आहे एवढंच उत्तर मिळालं. दोन दिवसांत सगळ्यांच्या मोबाइलवर एकच मजकूर फिरायला लागला. जायकवाडीचं पाणी जवळ आहे, माळ मोकळा आहे, म्हणून इथं लहान अणुभट्टी बसणार. कुणी लिहिलं ते कुणालाच माहीत नव्हतं. पण त्या मजकुराखाली जपानच्या फुटलेल्या केंद्राचे फोटो होते, आणि ते फोटो खरे होते.

गावातल्या लोकांना माझी लेक आठवली. एका दुपारी दादाच्या अंगणात लिंबाखाली पंचवीस-तीस माणसं जमली आणि मला निरोप आला की तिला घेऊन ये. तिला सातवा महिना होता. मी नको म्हणालो. ती म्हणाली, लोक घाबरलेत तर कुणीतरी बोललं पाहिजे, आणि पदर सारखा करून निघाली.

दादानं तिला खाट दिली, स्वतः खाली बसला. म्हणाला, "बाई, तू तिथं आत असतीस. खरं काय ते सांग. ती हितं आली तर आमी मेंढरं चारावीत का न्हाई?"

ती शांतपणे बोलली. केंद्र नीट चालतं तेव्हा बाहेरची हवा, पाणी, दूध, भाजी सारखी तपासतात, आणि तिच्या केंद्राच्या आसपास आजही गावं आहेत, गुरं चरतात. तिनं स्वतः तिथलं दूध प्यायलंय. पण बिघडलं तर काय, हेही तिनं झाकलं नाही. पूर ओसरला की माणूस घरी येतो, इथं कधी कधी वर्षानुवर्षं येता येत नाही. मग कुणीतरी राखेचं विचारलं, म्हणजे जळून जे उरतं त्याचं. ती म्हणाली, आधी ते बरीच वर्षं पाण्याखाली थंड करतात. आपल्याकडं त्यातलं कामाचं पुन्हा वापरायला काढून घेतात आणि उरलेलं काचेत गोठवून सांभाळतात. कायमचं पुरायचं म्हटलं तर जगात अजून जागांची वानवाच आहे. एका थंड देशानं खडकात खोल बोगदे करून तयारी केली आहे, बाकीचे बहुतेक अजून जागाच शोधतायत.

माझी वहिनी तोवर चुलीपाशी होती. ती पुढं आली आणि लेकीच्या पोटाकडं बघत तिनं विचारलं, "मग तुला दिवस गेले तवा तुला आतून बाहेर कावून काढलं?"

लेकीला आतल्या कामावरून हलवलं होतं, हे बायकोनंच वहिनीला सांगितलं असणार. मला वाटलं, आता लेकीनं काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी.

"पोटातल्या लेकराला मोठ्या माणसाइतकं सोसत नाही, काकू," ती म्हणाली. "म्हणून तसा नियम आहे. मीच जाऊन साहेबांना सांगितलं, मग मला ऑफिसात बसवलं."

"म्हंजी सोसायचं कायतरी हाय."

"हाय," लेक म्हणाली. "थोडं हाय. मोजून घेतो आम्ही."

वहिनीनं तिच्या हातात चहाची कपबशी दिली आणि लोक एकेक करून उठले. घरी येताना मी तिच्या पुढं चालत राहिलो. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत होतो की काहीच नसतं. थोडं असतं, हे आता तिच्याच तोंडून ऐकलं.

पुढं तहसीलमध्ये चौकशी केल्यावर कळलं, ती मापं उच्चदाबाच्या लाइनीच्या टॉवरसाठी होती. भट्टीचं कुणाच्या मनातही नव्हतं. गाव हसलं, दादा मेंढरं घेऊन पुन्हा माळावर गेला. लेक बाळंत झाली, नात झाली. नारायणगडाला जाऊन बायकोनं नातीच्या नावानं नारळ फोडला. रजा संपली तेव्हा लेक परत निघाली आणि तिचं बाळ सांभाळायला आम्ही दोघं तिच्याबरोबर गेलो.

केंद्राची वसाहत दक्षिणेत समुद्राकाठी आहे. झाडं लावलेले रस्ते, शाळा, दवाखाना, सगळं इतकं नीटनेटकं की त्याचीच मला धास्ती वाटायची. लेक आणि जावई दोघंही केंद्रावर जात. केंद्र वसाहतीतून दिसत नव्हतं. तिथली भाषा मला येत नव्हती.

एका सकाळी दोघं कामावर गेलेली, बायको भाजी आणायला गेलेली. मी नातीला मांडीवर घेऊन नाचणीची पेज भरवत होतो. अचानक भोंगा वाजला. चढत गेला, उतरला, पुन्हा चढला. मग लाउडस्पीकर लावलेली गाडी रस्त्यानं हळूहळू गेली. आतला माणूस तेच तेच बोलत होता आणि मला एक शब्द कळत नव्हता.

मी उठलो. पहिल्यांदा वाटलं, नातीला घेऊन पळावं, समुद्राकडं पाठ करून, जिथवर पाय नेतील तिथवर. दारापर्यंत गेलोही. पण उपकेंद्रात आम्हाला एकच शिकवलेलं, घाबरून हात लावू नकोस, आधी ठरलेलं कर. लेकीनं आल्या आल्या सांगून ठेवलं होतं की भोंगा झाला तर आत राहायचं आणि खिडक्या लावायच्या. मी खिडक्या लावल्या. पंखा बंद केला. टॉवेल ओले करून दाराखालच्या फटीत कोंबले. नात रडायला लागली. तिला छातीशी धरून मी मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसलो आणि बायको बाहेर आहे हे मला तेव्हा आठवलं.

लेकीला फोन लावला. लागला नाही. मोबाइल आत नेता येत नाहीत, हे माहीत असूनही मी लावत राहिलो. नातीच्या तोंडाला पेज लागलेली तशीच होती. मी श्वास घेत होतो आणि प्रत्येक श्वासाला वाटत होतं, यात काय आलं असेल. तिच्या नाकावर मी माझं उपरणं धरलं. तिनं ते झिडकारलं.

दार वाजलं. बायको होती. मी तिला आत ओढलं आणि दार लावलं. तिच्या पिशवीत पालेभाजी होती. माझा चेहरा बघून ती खाली बसली.

"अहो, सराव हाय," ती म्हणाली. "भाजीवालीनं हातानं खुणा करून सांगितलं. बाजारात कुणी पळालं न्हाई."

गाडीवरचा माणूस तेच सांगत होता, असं मागून कळलं. मला हसू आलं नाही, बायकोलाही नाही. तिनं माझ्या हातातून नातीला घेतलं आणि तिच्या तोंडाची पेज पुसली.

संध्याकाळी लेक आली. भोंग्याचं कळवायचं राहून गेलं म्हणून तिनं माफी मागितली. हात धुऊन बाळाला जवळ घेतलं. मी तिला जे विचारायचं दिवसभर ठरवत होतो ते विचारलं. खरंच काही झालं, तर तू घरी येशील ना?

बाळ तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टी चोखत होतं.

"नाही अण्णा," ती म्हणाली. "तेव्हा मला आतच राहावं लागेल. घर तुम्ही सांभाळायचं."

मी मान हलवली. तिच्या जागी मी असतो तर मीही पॅनलसमोरून उठलो नसतो, आणि हे तिला माझ्याकडूनच मिळालं होतं.

आमचं गावाकडं परत जायचं ठरलं होतं, ते पुढं ढकललं. दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या घराची बेल वाजवली. तिथल्या बाईंना मोडकीतोडकी हिंदी येत होती. मी त्यांना म्हणालो, मला तुमच्या भाषेतले तीन शब्द शिकवा. सराव, खरं आणि पळा. त्यांनी मला आत बोलावलं, खुर्ची दिली आणि पहिला शब्द सावकाश म्हणून दाखवला.