कांचघरातली कावीळ

एकाहत्तरच्या थंडीत कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या घरात कावीळ आली होती... झाली कोणालाच नव्हती, ते पुढे सांगते. परवा नातीनं मोबाईलमध्ये पाहून विचारलं, "आजी, तुझी प्रकृती वाताची की पित्ताची?" आणि ती कावीळ आठवून माझी कानशिलं तापली. एवढ्या वर्षांनी!

लढाई सुरू होती. आमचे हे दारूगोळ्याच्या फॅक्टरीत, डबल ड्यूटीवर. आत काय काम करतात ते बाहेर बोलायचं नाही असा हुकूम होता, आणि हे हुकमाचे पक्के. मला यांच्या नोकरीतलं एवढंच माहीत, की डबा रिकामा परत येतो.

एक दिवस पाहते तर यांचे हात पिवळे. नखं पिवळी, उशीच्या अभ्र्यावर पिवळा डाग. विचारलं तर म्हणे, "काही नाही, तू वाढ." मी कशाची ऐकते! पित्त भडकलं, कावीळ झाली, माझं ठरलं. शाळेत मी फार टिकले नाही, पण वैद्यकी आपण आईच्या पोटातूनच शिकून आलो, असा माझा तेव्हा समज होता.

तेल बंद, तूप बंद, हळद बंद. कडाक्याच्या थंडीत सकाळी उसाचा रस, डब्यात ताकभात, परत आले की पुन्हा ताक. हे गुमान प्यायचे.

वरून बाजारातल्या कावीळ झाडणाऱ्याला बोलावलं. चुन्याच्या पाण्यात हात चोळून धुवायचे आणि पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली समजायची, अशी रीत. अंगणात परात मांडली. पाणी असं पिवळंधमक झालं की झाडणाराच दचकला... एवढी कावीळ त्यानं जन्मात काढली नव्हती. मी ती परात गल्लीभर दाखवली. शेजारची मिसराइन तोंडाला पदर लावून म्हणाली, "हाय राम बहू, ये बचेंगे कैसे?"

गल्लीतून ती कावीळ फॅक्टरीच्या गेटापर्यंत गेली. तिथे लोक यांना पाहून हसायला लागले... "लड़ाई छिड़ी और जोशीजी को पीलिया हो गया!" ज्या माणसानं कामाला एक नागा केला नाही, तो कामचोर ठरला. हे मला यांनी नाही सांगितलं, भाजीवालीनं सांगितलं.

आणि मग हे खरंच आजारी पडले. तोंड सुकलं, पोट फुगायला लागलं, झोप उडाली, उभं राहिलं की चक्कर. सुट्टी घ्यावी तर गेटावरचं बोलणं खरं ठरणार, न घ्यावी तर काम करता करता पडणार. आता माझं धाबं दणाणलं. सकाळी ड्यूटी सुटल्याबरोबर यांना रिक्षात घातलं आणि दीक्षितपुऱ्यात, सासऱ्यांच्या ओळखीच्या म्हाताऱ्या वैद्यांकडे नेलं.

ओटी माणसांनी भरलेली. वैद्यांनी नाडी धरली, जीभ पाहिली, डोळ्याची पापणी खाली ओढली. मग म्हणाले, "मोजे काढा."

पाऊल पांढरं. बाही वर केली, तिथेही पिवळ्याचा पत्ता नाही.

"काहून सूनबाई, कावीळ मनगटाला विचारून थांबते का?"

सगळी ओटी हसली.

मग विचारलं, खायला काय देतेस? मी ऐटीत सगळं सांगितलं. वैद्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, पित्त म्हणजे पिवळा रंग नाही, पित्त म्हणजे आग. थंडीत ती पोटात जोरात असते, तिला तूप-पोळी लागते... तू तिच्यावर ताक ओतून राहिली. रिकामं पोट, जागरण, गार खाणं, याच्यानं वात वाढतो. "हा रोग यानं आणला नाही. तुझ्या चुलीवर शिजला."

वैद्यानं पाहायचं, हात लावायचा आणि विचारायचं, ही तिन्ही कामं करायची असतात म्हणाले. तू नुसतं पाहिलं.

"विचारलं होतं मी!" मी म्हटलं.

तेव्हा त्यांनीच यांना विचारलं, "हाताला काय लागतं कामावर?" हे भिंतीकडे पाहत बसले. यांचा हात सोडून वैद्य म्हणाले, "अच्छा, रहने दो." औषधाची पुडीसुद्धा दिली नाही. पोटभर गरम जेवण, तूप, अंगाला तिळाचं तेल आणि झोप... बस.

परतताना रिक्षात मी फणफणले. "नुसता रंग आहे हे माहीत होतं ना? उपाशी राहिले, पण बोलले काहून नाही?"

"बाहेर बोलायची मनाई आहे."

"मी बाहेरची आहे का?"

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मिसराइननं रिक्षा थांबवली, तिच्यामागे आणखी दोघी. "क्यों बहू, पीलिया उतरा?"

मला माझं उत्तर मिळालं.

खरं सांगून मोकळं व्हावं, तर पुढचा प्रश्न येणार, रंग कसला? कुठून लागला? जन्मात पहिल्यांदा मी तोंड मिटलं. "हाँ दीदी, उतर गया," एवढंच बोलले. गेटावर का हसत होते तेही तेव्हा लक्षात आलं. यांच्याबरोबर काम करणाऱ्या सगळ्यांचेच हात पिवळे असणार... कावीळ फक्त यांच्या बायकोला दिसली. आणि ते हसणं यांनी रोज गेटावर मुकाट्यानं सोसलं.

त्या दिवशी पोळीवर तूप वाढताना मी मान वर केली नाही. यांनीही नाही. ते जेवत होते.

पुढे लढाई संपली, हात पांढरे झाले, हे रिटायरसुद्धा झाले. मी अधूनमधून विचारायची, "आता तर सांगा, ते पिवळं काय होतं हो?"

हे ताट पुढे करायचे. मी मुकाट्यानं तूप वाढायची.